मदत हवी आहे: दरबार गेला तरी कोल्हापुरात कलाकार घडत का राहिले?

मंडळी, नववीच्या 20 मुलांना रविवारी पायी फिरवून आपल्या गावाचा कलेचा वारसा दाखवायचा आहे.

शाहू महाराजांचा आश्रय, दरबारगायक अल्लादियाखाँसाहेब, 1883 चा देवल क्लब ही गाण्याची संस्था, सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर, 1929 ला इथेच सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी, हे सगळं जुळवून झालंय. करवीर नगर वाचन मंदिरातली पुस्तकंही चाळली. पण माझं घोडं अडलंय ते पुढे. 1922 ला महाराज गेले, खाँसाहेब मुंबईला गेले, 1933 ला प्रभात पुण्याला. तरी इथले गायक-नट आटले नाहीत. नुसता राजाश्रय म्हणून भागत नाही, असं मला मनापासून वाटतं.

मंगळवार पेठेत एका आजोबांनी भाता चिकटवलेली पेटी दाखवली. "मेळ्यात वाजवत होतो, शिकवणी कुठली? ऐकून ऐकून बसलं हातात," म्हणाले. हा धागा मला लाखमोलाचा वाटतोय.

थोरामोठ्यांची चरित्रं नकोत, ती आहेत. गणपतीतले मेळे (गाणी-नाट्यप्रवेश करणारी पथकं), तालमी, भजनी मंडळं यांतून पोरं कशी तयार व्हायची, हे स्वतः पाहिलेलं कुणी शिवाजी पेठ-मंगळवार पेठेत मुलांशी अर्धा तास बोलेल का?