विषय: मोटरहोम चोर्ला घाटातून उतरवायची की आंबोलीतून? शुक्रवारपर्यंत कळवा

मंडळी, नमस्कार. गाडी, म्हणजे आत झोपायची, पाण्याची, संडासाची सोय असलेली मोटरहोम, उद्या बेंगळुरूहून बेळगावात टिळकवाडीत येते. लांबी 7 मीटर, उंची 3 मीटर. ठरल्याप्रमाणे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, मग 66 नंबरचा हायवे धरून कारवार, गोकर्ण. पण फोटोत बघतोय तर मागच्या चाकापलीकडं दीड-दोन मीटर धड बाहेर आहे. आखूड वळणावर हा भाग उलट्या बाजूला फिरतो. चोर्ल्यात समोरून टेम्पो आला तर? मोठी गाडी उतरवलेल्यांनीच सांगा, कारचा अनुभव इथं कामाचा नाही.
– टिळकवाडीहून

—

होय की, चोर्ला नकोच. रस्ता अरुंद, झाडाच्या फांद्या छतावर येतात. आंबोलीतून बेळगाव-सावंतवाडी एसटी वर्षानुवर्षं चालते. जिथं एसटी वळते तिथं तुमची गाडी वळेल. तिलारीचं मात्र कुणी नाव काढू नका, तिथला उतार फार उभा आहे.
– खानापूर

—

मार्ग बैठकीत मंजूर झालाय, आणि असे बदल सहल समितीला विचारून व्हावेत ही विनंती. कणकुंबीला माउलीचं दर्शन घडवतो असा शब्द आपण वडीलधाऱ्यांना दिलाय. आंबोलीतून गेलो तर कणकुंबी राहते. मोठ्या गाडीचीच अडचण असेल तर अनमोडचा घाट आहे, ट्रक तिथूनच जातात.
– सहल समितीतर्फे

—

ट्रक जातात म्हणूनच अनमोड नको, त्यांच्या मागं तासन् तास रांगत राहाल.

भाऊजी, घाट कुठलाही घ्या, ब्रेकचं आधी बोला. मेलबर्नहून आम्ही ग्रेट ओशन रोडला मोटरहोम नेली होती. 243 किलोमीटरचा तो रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 मध्ये बांधला, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. समुद्राच्या कडेला काही झालं नाही. पण ऑटवेच्या डोंगरातून उतरताना ह्यांचा पाय सारखा ब्रेकवर, आणि पाच-सात मिनिटांत जळका वास! पॅड तापले की ब्रेक धरत नाही. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो, मुलं रडवेली झाली होती. तेव्हापासून आमचा नियम: ज्या गिअरवर घाट चढवाल त्याच गिअरवर उतरवा, ब्रेक मधूनमधून दाबून सोडा.

आणि पाण्याची टाकी बेळगावात भरू नका. 100 लिटर म्हणजे 100 किलो. अर्धी टाकी तर अजून वाईट, वळणावर पाणी हिंदकळून गाडी ओढते. रिकामी उतरवा, सावंतवाडीत भरा.
– मेलबर्नची वहिनी, सध्या शहापूरला

—

टाकीचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या टाकीचंही बोलू, संडासाच्या. तिकडं ती रिकामी करायला ठिकठिकाणी सोय असते, इकडं तशी नाही. कुणी सहज म्हणेल, जंगलात ओतू. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आंबोलीला हिरण्यकेशी. मलप्रभेचं पाणी पुढं नविलुतीर्थ धरणात जातं आणि हुबळी-धारवाड तेच पितं. आपण माहेरी आलोय, माहेरच्या नदीत घाण सोडायची नाही. मुक्कामाच्या हॉटेलवाल्याला आधी फोन करा, पैसे द्या, त्यांच्या संडासात ओता. हे ठरत नसेल तर मी येणार नाही.
– वडगावहून, तुमची ताई

—

ताईंचं शंभर टक्के बरोबर. मांडे मी देणार आहे, पण डब्यात सपाट राहतील अशी जागा ठेवा. मागच्या वेळी त्यावर खुर्च्या ठेवल्या होत्या आणि सगळा चुरा झाला.
– अनगोळची मावशी

—

सहल समितीशी फोनवर बोललो, त्यांनी मोठ्या मनानं ऐकलं. ठरलं ते असं: वडीलधारी मंडळी दोन कारमधून कणकुंबीला दर्शन घेऊन चोर्ल्यातून उतरतील. मोटरहोम रिकाम्या टाकीनं आंबोली, सावंतवाडी, बांदा अशी येईल. भेट म्हापशाला, जेवायला. हॉटेलवाला संडासाच्या टाकीला हो म्हणाला, पैसे देतो म्हणालो. वहिनी, घाट उतरेपर्यंत गाडीवाल्याशेजारी तुम्ही बसा. मावशी, मांडे कारमध्ये, मागच्या सीटवर, वर काही ठेवणार नाही. शनिवारी सकाळी 6 ला दुसऱ्या रेल्वे गेटजवळ या.
– टिळकवाडीहून