नवीन प्लॉटिंगवाल्यांकडून नाली-रस्त्याचा खर्च कसा घ्यावा?

प्रश्न: लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत मी नगरसेविका आहे. गावाबाहेर काळ्या रानात भराभर प्लॉटिंग पडतंय. विकणारा मुरूम टाकून निघून जातो. मग पाण्यासाठी बाया आमच्या दारात येतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही पाहिलंय, म्हणून जीव तुटतो. वेगळं शुल्क लावायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर (निवृत्त नगर अभियंता): ताई, नवं शुल्क शोधायच्या आधी हातातलं बघा. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये कलम १२४-अ पासून विकास शुल्काची, म्हणजे जमीन विकसित करताना किंवा बांधकाम करताना भरायच्या शुल्काची, तरतूद आहेच. तो पैसा स्वतंत्र विकास निधीत जमा करून सार्वजनिक सुविधांवरच खर्चायचा असतो. लेखापालाकडून त्या खात्याचा उतारा आधी मागा. पगार-वीजबिलात पैसा गेला असेल, तर दर वाढवून काय उपयोग? मग नकाशा घेऊन बसा: टाकी कुठं, मुख्य नाली कुठून, कोणतं रान आधी भरणार. त्याशिवाय खर्चाचा आकडा टिकत नाही.

उत्तर (प्लॉटधारक): शुल्क शेवटी आमच्याच भावात चढतं, तरी मी द्यायला तयार आहे. पण रेखांकनाला (प्लॉट-रस्त्यांच्या आखणीच्या नकाशाला) अंतिम मंजुरी देण्याआधी नाली प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघा हो.

प्रश्नकर्ती: धन्यवाद सर. उताऱ्यासाठी सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र देते. आणि दादा, जागेच्या पाहणीला तुम्हीही चला.