हॅमर कोरलचं मांस खालून सुटतंय, प्रकाश कमी करू का?

नखभर_प्रवाळ:
२०० लिटरचा समुद्री टँक, न्यू जर्सी, दहा महिने झाले. फांद्यांचा हॅमर (दगडी सांगाड्याचा प्रवाळ), चार डोकी. तीन आठवड्यांपासून दोन डोक्यांचं मांस खालच्या कडेने वर सरकतंय, नखभर पांढरा सांगाडा उघडा पडलाय. दिवसा अर्धीच फुलतात. तापमान २५.५, पट्टीच्या हायड्रोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) १.०२५. शनिवारी अल्कलिनिटी (सांगाड्याला लागणारे कार्बोनेट; एकक डीकेएच) ६.६ डीकेएच, कॅल्शियम ३८०, मॅग्नेशियम ११८०. नायट्रेट, फॉस्फेट शून्य (फॉस्फेट शोषणारा रिमूव्हर चालू). दर रविवारी २० टक्के पाणी बदलतो, नवीन पाणी ११ डीकेएचचं, बदलल्यावर ७.५ येते.

डीकेएच_काका:
प्रकाशाला हात लावू नका. रविवारी ७.५, शनिवारी ६.६, म्हणजे रोज ०.१५ डीकेएच सांगाड्यात जातंय आणि रविवारी एका फटक्यात जवळपास १ ने वर उडी. हॅमरला ७.५ चालतं, ८.५ही चालतं, हा झोका चालत नाही.

हिशोब सोपा आहे: २०० लिटरला १ डीकेएच चढवायला ६ ग्रॅम खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे!). रोजची झीज भरायला ०.९ ग्रॅम. ८ वर न्यायचं तर वरचे ८.४ ग्रॅम चार दिवसांत वाटा, म्हणजे रोज एकूण ३ ग्रॅम. अर्धा लिटर आरओच्या (गाळलेल्या, क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवून पंपाच्या प्रवाहात सावकाश सोडा. कॅल्शियमचं द्रावण त्याच वेळी ओतू नका, पाणी दुधासारखं होईल आणि दोन्ही वाया जातील. साल्टही (नवीन पाण्यासाठीचं समुद्री मीठ) ८ डीकेएचच्या आसपासचं घ्या.

खारटपाणी:
काका, सोड्याआधी जरा थांबायला हवं. समुद्रात कॅल्शियम ४१० च्या पुढे, मॅग्नेशियम १२८०-९०. इथे दोन्ही सारख्याच प्रमाणात, साधारण ८ टक्के कमी आहेत. कॅल्शियम एकटं उतरलं असतं तर झीज म्हटलं असतं. मॅग्नेशियम इतकं झिजत नाही. मला क्षारताच ३२ च्या (लिटरमागे ग्रॅम मीठ; समुद्रात ३५) आसपास वाटते. त्या हायड्रोमीटरच्या पट्टीला बारीक बुडबुडे चिकटले की पट्टी वर तरंगते आणि आकडा जास्त दाखवते.

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून क्षारता मोजणारं भिंगाचं साधन) घ्या, ३५ च्या द्रावणाने कॅलिब्रेट करा, नुसत्या पाण्याने शून्य लावून भागत नाही. खरंच ३२ निघाली तर ३ ग्रॅम × २०० लिटर, म्हणजे ६०० ग्रॅम मीठ कमी आहे. एकदम घालू नका. बाष्पीभवनाची भर गोड्या पाण्याऐवजी ३५ च्या खाऱ्या पाण्याने करा, रोज मोजत. तुमचं साल्ट ११ चं असल्याने तेवढ्या मिठातूनच अल्कलिनिटी साधारण १ ने वाढेल. तोवर सोडा रोज फक्त ०.९ ग्रॅम. मॅग्नेशियमची बाटली तर उघडूच नका.

भरतीओहोटी:
शून्य-शून्यवर कोणी बोललंच नाही. रिमूव्हर काढा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) थोडा कोरडा चालवा, म्हणजे तो कमी काढेल, मासे जरा जास्त खाऊ घाला. नायट्रेट ५-१०, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास राहू द्या. उपाशी कोरल मांस सोडतं, मग पाणी कितीही ‘स्वच्छ’ असो.

उघड्या कडेवर तपकिरी, चिकट, कुजकट वासाची जेली दिसली तर गोष्ट वेगळी. पंप बंद करून बारीक नळीने ती ओढून काढा, ते डोकं कापून बाजूला घ्या, उरलेल्यांना आयोडीनच्या डिपमध्ये (औषधी द्रावणात) बुडवा. टॉर्च कोरल शेजारी असेल तर १५ सेंमी लांब.

(पुण्या-मुंबईत वाचणाऱ्यांसाठी: भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणहून तुकडा उचलून आणायचा विचारही नको.)

नखभर_प्रवाळ:
रिफ्रॅक्टोमीटरवर ३२. जेली नाही. रिमूव्हर काढला. पण भर खाऱ्या पाण्याची चालू असताना रविवारचं पाणी बदलू का?

खारटपाणी:
बदला, पण १० टक्केच. आणि नवीन पाणी टँकची क्षारता असेल तेवढंच किंवा फार तर १ ने जास्त.