कपाटातील रोपांसाठी लावलेल्या पंख्याचा आवाज कमी कसा करावा?

प्रश्न (फोंड्याहून)

आमच्या फ्लॅटमधील भिंतीतले एक कपाट रिकामे करून त्यात मी गेले सहा महिने लेट्यूस आणि बेझिलची लागवड करत आहे. कपाट तीन फूट रुंद, दोन फूट खोल आणि सात फूट उंच असून आत एकूण 120 वॅटचे दोन एलईडी दिवे आहेत. वरच्या फळीला चार इंची डक्ट पंखा स्क्रूने घट्ट बसवला असून त्याची नळी खिडकीवरील झडपेतून बाहेर काढली आहे. खोलीतील हवा दिवसा फार तापते, म्हणून दिवे रात्री नऊ ते सकाळी अकरा असे चौदा तास चालवतो. अडचण अशी की कपाटाच्या पाठीमागेच आईची खोली आहे आणि पंखा पूर्ण गतीने चालला की तिला रात्रभर घरघर ऐकू येते. गती कमी केली तर खोलीत 28 अंश असताना कपाटात 35 अंशांपर्यंत तापमान चढते आणि लेट्यूसला अकाली तुरे येतात. आवाज आणि उष्णता या दोन्हींचा मेळ कसा घालावा?

पहिले उत्तर (मडगाव)

आधी हिशेब करू. दिव्यांना मिळणारी वीज शेवटी बहुतांशी उष्णता होऊनच कपाटात राहते. ती बाहेर काढायला ताशी किती घनमीटर हवा लागेल, हे काढण्याची सोपी रीत म्हणजे वॅटची संख्या तिप्पट करून तिला तापमानातील अपेक्षित फरकाने भागणे. 120 वॅट आणि तीन अंशांचा फरक धरला तर ताशी 120 घनमीटर हवा हवी. सध्याचा सात अंशांचा फरक पाहता मंद गतीला तुमच्या कपाटातून जेमतेम पन्नास घनमीटर हवा जात असावी. मात्र खोलीतली हवाच आत येत असल्यामुळे कपाट खोलीपेक्षा थंड होणे पंख्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे गृहीत धरूनच पुढे जावे.

म्हणून पहिला उपाय उष्णता आत न येऊ देण्याचा. दिव्यांचे ड्रायव्हर (त्यांना योग्य वीज पुरवणारे डबे) वेगळे काढता येत असतील, तर इलेक्ट्रिशियनकडून ते कपाटाबाहेर बसवून घ्या. साधारण दशांश उष्णता तिथेच कमी होईल. दुसरा उपाय मोठा पंखा सावकाश चालवण्याचा आहे. सहा इंची नळीचे तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असते, त्यामुळे तेवढीच हवा निम्म्याहून कमी वेगाने वाहते. पंख्याची गती निम्मी केली की हवाही निम्मी होते, परंतु आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. मोठ्या पंख्याचा खरा लाभ इथे आहे. हवा आत येण्याची जागाही तपासा, कारण ती बाहेर जाण्याच्या तोंडाच्या दुप्पट तरी नसेल तर कोणताही पंखा धापा टाकतच चालणार. उजेड बाहेर पडू नये म्हणून अनेक जण ही जागा बुजवत आणतात आणि मग पंख्याला दोष देतात.

दुसरे उत्तर (म्हापसा)

वरील उत्तर योग्यच आहे, पण आईंना ऐकू येते ती घरघर हवेची नसून फळीची असावी, असे मला वाटते. पोकळ कपाटाच्या प्लायवूडला पंखा घट्ट आवळला म्हणजे त्याचे घुमट वाद्य होते. थाप पंख्याची आणि नाद कपाटाचा. पंखा सोडवून चालू असताना क्षणभर हातात धरून पाहा. घूं घूं थांबली तर निदान झाले. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तो टांगावा आणि नळी कुठेही लाकडाला टेकू देऊ नये. नळी ताणलेली असावी, वळण एकच आणि मोठे असावे. काही मोटरी साध्या फिरत्या रेग्युलेटरवर गुणगुणतात; अशा वेळी टप्प्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर किंवा सरळ डीसी पंखा घ्यावा.

आवाज शोषण्यासाठी नळीत स्पंजचे अस्तर लावण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो उपाय चालतो, पण आपल्याकडे जूनपासून त्या अस्तराला बुरशी धरते, म्हणून ते काढून वाळवता येईल असेच बसवा. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने रोपे कोरडी राहत नाहीत. दिवे बंद असतानाही पानांवरून वारा फिरवणारा एक लहान पंखा आत चालू ठेवावा. झडपेबाहेरचे तोंड खाली वळवून त्याला जाळी लावा, नाहीतर वाऱ्याबरोबर पाऊस नळीतून आत येईल.

तिसरे उत्तर (पेडणे)

उन्हाळ्यापुरते लेट्यूस सोडून तांबडी भाजी (लाल माठ) लावली तर ती 33 अंशांतही खुशाल वाढेल. हे उत्तर नव्हे हे मान्य, पण एप्रिल-मे महिन्यांत मी तेच करतो.

प्रश्नकर्ता (दहा दिवसांनी)

पंखा हातात धरताच घूं घूं थांबली, म्हणून त्याच दिवशी तो ट्यूबच्या पट्ट्यांनी टांगला. त्यानंतर ड्रायव्हर बाहेर काढून घेतले, खालचे भोक मोठे केले आणि सहा इंची पंखा आणून सर्वांत मंद टप्प्यावर लावला. काल रात्री खोलीत 28 आणि कपाटात 31 अंश होते. आईचे म्हणणे असे की आता तिला स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येतो. तुऱ्यावर आलेले लेट्यूस मात्र कडू झाले होते, ते उपटून टाकले. तांबड्या भाजीचे बी आणले आहे.