‘मार्शियन चाइल्ड’ पाहिल्यावर पडलेले प्रश्न: वेगळ्या मुलाचे एकट्याने पालकत्व

प्रश्न (प्राध्यापिका, होटगी रस्ता, सोलापूर)

नमस्कार. २००७ साली प्रदर्शित झालेला, मेनो मेयेस दिग्दर्शित ‘मार्शियन चाइल्ड’ हा इंग्रजी चित्रपट मी नुकताच पाहिला. त्यात जॉन क्युसॅकने साकारलेला डेव्हिड हा विज्ञानकथा लिहिणारा विधुर लेखक डेनिस नावाच्या एका लहान मुलाला दत्तक घेतो. हा मुलगा स्वतःला मंगळावरून आलेला समजतो, उन्हाच्या भीतीने पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात बसून राहतो, आणि आपण पृथ्वीवरून तरंगत निघून जाऊ या धास्तीने कमरेला सेलचा जड पट्टा बांधतो. डेव्हिड त्याला खोटे पाडत नाही आणि त्याची समजूत खरी आहे असेही ठासून सांगत नाही. मला चित्रपट मनापासून आवडला, परंतु ही मधली भूमिका प्रत्यक्षात कितपत योग्य ठरते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

विचारण्याचे कारण व्यक्तिगत आहे. मी ४३ वर्षांची, अविवाहित आहे आणि चार ते आठ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला दत्तक घेण्याचा विचार गंभीरपणे करते आहे. या वयाचे मूल स्वतःचा भूतकाळ घेऊनच घरी येते, हे मला समजते. ज्यांनी हे अनुभवले आहे किंवा या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी चित्रपटाच्या निमित्ताने मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

उत्तर (बालसमुपदेशक)

डेनिसची समजूत कशासाठी आहे, याचा विचार आधी करावा असे मला वाटते. ज्या मुलाला मोठ्या माणसांनी सोडून दिले, त्याला ‘मला का सोडले?’ या प्रश्नाचे काहीतरी उत्तर स्वतःपुरते तयार करावेच लागते, आणि बहुतेक मुले ‘मीच वाईट असणार’ हे उत्तर निवडतात. डेनिसने त्याऐवजी असे ठरवले आहे की, त्याला कोणी टाकलेले नाही, तो माणसांचा अभ्यास करण्याच्या कामगिरीवर आलेला आहे, आणि त्याची माणसे त्याला एक दिवस न्यायला येणार आहेत. ही समजूत वादविवाद करून काढून घेतली, तर त्याच्या हाती केवळ ‘मला सोडले’ एवढेच उरते. म्हणून डेव्हिडने घाई केली नाही, हे मला अगदी योग्य वाटते.

मात्र मुलाच्या भीतीला मान देणे आणि त्याच्या कल्पनेत आपण भर घालणे यांत फरक आहे. ‘तुला पट्टा हवासा वाटतो ना, तर आज घालूनच जाऊ, आणि मीही तुझा हात धरून ठेवते’ असे म्हणता येते. ‘हो, तू खरोखरच मंगळावरचा आहेस’ असे म्हणू नये, कारण पुढे मुलाला त्यातून बाहेर यावेसे वाटले, तर आपल्या शब्दांमुळे त्याची वाट अडते. शिवाय समजूत सांभाळली म्हणजे वागण्याला मर्यादा नको, असेही नाही. डेनिस इतरांच्या वस्तू उचलतो आणि त्यावरून शाळेत अडचण येते. अशा ठिकाणी ‘वस्तू परत द्यायची’ हे शांतपणे आणि दर वेळी सांगावेच लागते.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग, डेनिसला डेव्हिडकडे राहू द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढचा आहे. तेथे डेनिस आपण मंगळवासी असल्याचे नुसते नाटक करत होतो असे सांगतो, आणि मोठ्यांना हायसे वाटते. पण मूल बरे झाले आणि मोठ्यांना काय ऐकायचे आहे ते मुलाला कळले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दत्तक आलेली मुले सुरुवातीच्या काळात पुष्कळदा अतिशय शहाण्यासारखी वागतात. तो काळ सरला आणि ती हट्ट करू लागली की पालक घाबरतात, वास्तविक मूल त्या घरात विसावू लागल्याची ती खूण असू शकते. झोप, खाणे किंवा स्वतःला इजा करणे असे काही गंभीर दिसले, तर बालमनोविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. केवळ प्रेमावर विसंबून राहू नये.

उत्तर (एकल आई, पूर्व भाग, सोलापूर)

ताई, माझा मुलगा पाच वर्षांचा असताना घरी आला. तो मंगळाबद्दल काही बोलत नसे, परंतु जेवणानंतर भाकरीचा तुकडा हळूच उचलून उशीखाली, दप्तरात, कपाटाच्या मागे लपवून ठेवत असे. घरात मुंग्या झाल्या, नातेवाइकांनी ‘सवय मोडून काढ’ असे सांगितले. मी त्याला झाकणाचा एक डबा दिला, त्यावर त्याचे नाव घातले, आणि आपल्या सोलापुरी कडक भाकऱ्या व शेंगाचटणीची एक बरणी त्याच्या उशाशी ठेवली. कडक भाकरी टिकते, त्यामुळे त्याचा साठा खराब होण्याचा प्रश्नच उरला नाही. तो डबा कधीही मोजायचा नाही आणि रिकामा राहू द्यायचा नाही, एवढेच मी पाळले. हळूहळू त्याने डब्यातले शेजारच्या मुलांना वाटायला सुरुवात केली, आणि पुढे तो डबा स्वयंपाकघरात कधी गेला, हे माझ्या लक्षातही आले नाही.

त्यामुळे चित्रपटातील ताटल्या फोडण्याचा प्रसंग मला फार जवळचा वाटला. हातून काही फुटले तर आपल्याला परत पाठवतील, ही भीती या मुलांच्या मनात खोलवर असते. वस्तूंपेक्षा तू मोठा आहेस, हे डेव्हिड त्याला स्वतः ताटल्या फोडून दाखवतो. मी ताटल्या फोडा असे सुचवत नाही. पण काच फुटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर पहिल्या क्षणी काय उमटते, ते मूल नीट पाहत असते.

एकट्या पालकाने आणखी एक तयारी करावी. तुम्हाला ताप आला, तर मुलाजवळ कोण थांबेल, याचे उत्तर नावासह आधीच ठरलेले असावे, आणि त्या व्यक्तीची मुलाशी ओळख पहिल्या महिन्यापासून हवी. चित्रपटात डेव्हिडला लिझ नावाची बहीण आहे; ती स्वतः दोन मुलांच्या संसारात वैतागलेली, त्याला सावध करणारी, आणि तरीही पाठीशी उभी राहणारी आहे. माझ्या बाबतीत ही जागा आमच्या गल्लीतील एका तेलुगू आजींनी घेतली. मुलगा त्यांच्याकडून तेलुगू शिकला, आणि आता ते दोघे माझ्यासमोर मला न समजणाऱ्या गोष्टी बोलतात, याचा मला फार आनंद आहे.

उत्तर (बालसंरक्षण क्षेत्रातील निवृत्त कर्मचारी)

चित्रपटातील पद्धत अमेरिकेची आहे. येथील कायदा स्वतंत्रपणे समजून घ्यावा. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार एकल व्यक्तीला दत्तक घेता येते, मात्र एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दोन्ही घेता येतात. २०२२ च्या दत्तक विनियमांप्रमाणे एकल पालकासाठी वयाची कमाल मर्यादा अशी आहे: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ४०, दोन ते चार वर्षांसाठी ४५, चार ते आठ वर्षांसाठी ५० आणि त्यापुढे ५५. पालक आणि मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर हवे. म्हणजे आपण ज्या वयोगटाचा विचार करता आहात, त्यासाठी आपल्याला पुरेसा अवधी आहे.

नोंदणी ‘कारा’ या दत्तकविषयक केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवरच करावी. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतो. या भेटीला परीक्षा समजून घर सजवू नये. मिळकत, आरोग्य, कुटुंबीयांचे मत आणि आपल्यानंतर मुलाकडे कोण पाहील, यांची खरी उत्तरे द्यावीत. मूल निश्चित झाल्यावर ते प्रथम दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येते. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तक आदेश देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे सोपवला आहे. पुढील दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. पुष्कळ पालक त्याला तपासणी समजून अडचणी लपवतात, वास्तविक मदत मागण्याची तीच वेळ असते. रुग्णालयातून किंवा ओळखीतून ‘परस्पर मूल मिळवून देतो’ असे कोणी म्हणाले, तर स्पष्ट नकार द्यावा. तो गुन्हा आहे.

आपल्या जिल्ह्याला हे काम अपरिचित नाही. पंढरपुरात प्रार्थना समाजाचा बालकाश्रम एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि सोडून दिलेल्या अर्भकांना तेथे त्या काळी आसरा मिळाला, हे सोलापूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उत्तर (चित्रपट रसिक)

चित्रपटाविषयी माझी एक तक्रार नोंदवतो. तो ज्या दीर्घकथेवरून घेतला आहे, तिचे लेखक डेव्हिड जेरॉल्ड हे स्वतः एकल समलिंगी पुरुष, आणि त्यांनी खरोखरच एक मुलगा दत्तक घेतला होता. त्या कथेला ह्यूगो व नेब्युला हे विज्ञानकथांसाठीचे दोन्ही मोठे सन्मान मिळाले. चित्रपटाने नायकाला विधुर केले आणि त्याच्या शेजारी मृत पत्नीची मैत्रीणही आणून ठेवली, जणू एकट्या माणसाने मूल का घ्यावे, याला दुःखाचे कारण जोडल्याशिवाय प्रेक्षक ते मान्य करणार नाहीत. प्रश्नकर्त्या ताईंना मूल हवे आहे, एवढे कारण पुरेसे आहे, आणि हे त्यांनी गृहभेटीतही संकोच न करता सांगावे.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. एकच विचारते: शाळेत किती सांगावे?

उत्तर (एकल आई, पूर्व भाग, सोलापूर)

वर्गशिक्षिकेला मुलाच्या सवयी सांगाव्यात, त्याचा पूर्वेतिहास सांगू नये. ‘तो डब्यातले थोडे शिल्लक ठेवतो, रागावू नका’ एवढे पुरेसे होते. जन्मदाखला आपल्या नावाने मिळतो, त्यामुळे प्रवेशात अडचण येऊ नये. कुटुंबाचे चित्र काढा, लहानपणीचा फोटो आणा, असे गृहपाठ येतात, तेव्हा शिक्षिकेशी आधी बोलून ठेवावे. आणि मूल उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तर जूनमध्ये लगेच शाळेत घालण्याची घाई करू नये. तुमच्या प्राचार्यांकडे रजेचा विषय आजच काढून ठेवा.