बोलिन्हा पसरतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लहानपणी शेजारच्या गोवेकर काकू नाताळात खोबरं-रव्याची गोल बिस्किटं द्यायच्या, वर काट्याने ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा. तीच बोलिन्हा. परवा घरी केली. साखरेच्या पाकात ओलं खोबरं नि रवा शिजवला, गार झाल्यावर अंड्याचे बलक घातले, पीठ रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी १८० अंशांवर भाजली तर रेघा गायब, सगळ्याची मिळून एक पोळी! (चव झकास, पोरांनी चमच्याने संपवली.) पाक एकतारी घेतला होता, दोनतारी हवा होता का? की रवा कमी पडला?

आणखी एक. जवळपास याच साहित्याचा मऊ केक असतो, त्यालाच बात म्हणतात ना? बेबिंका नव्हे, ती थरांची असते, एवढं कळतं मला.