शब्दचर्चा: 'युनिव्हर्सलिस्ट मिनिस्टर'ला मराठीत काय म्हणावं?

पानगळ
अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बार्नार्ड नावाचं खेडं आहे. त्याविषयीचा मजकूर मराठीत आणायला घेतला आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. १८०३ साली होझिया बलू नावाचे 'युनिव्हर्सलिस्ट मिनिस्टर' तिथे राहायला आले. संगणकाने त्याचं 'वैश्विक मंत्री' करून दिलं. घरात दोन दिवस हसाहशी चालली होती, पण मला सुचलेलं 'विश्ववादी पाद्री' तरी कुठे धड आहे?
युनिव्हर्सलिस्ट हा एक ख्रिस्ती पंथ. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव शेवटी प्रत्येक जिवाला तारतो, कायमचा नरक कुणाच्याच वाट्याला नाही. बलू एका बॅप्टिस्ट उपदेशकाचे पुत्र, खेड्यातच वाढलेले. सुरुवातीला शाळेत शिकवून पोट भरायचे. पुढे बार्नार्ड, वुडस्टॉक, हार्टलँड, बेथेल, ब्रिजवॉटर अशी पाच गावं त्यांच्याकडे होती. दोन्ही शब्द सुचवा.

नगरकर
'पाद्री' आधी काढा. तो पोर्तुगीजांकडून आलेला, मुळात अर्थ 'बाप', आणि वास कॅथलिक. वसईचे लोकसुद्धा 'फादर' म्हणतात. आमच्या नगरकडे मिशनच्या देवळात (हो, देऊळच म्हणतो आम्ही) 'पाळकसाहेब' असतात. प्रॉटेस्टंट माणसासाठी 'पाळक' हाच मुरलेला शब्द.

उंबरठा
पण पाळकाला कळप लागतो. हा शब्द मेंढपाळावरून आलाय. पाच गावांत आळीपाळीने प्रवचन करणारा माणूस पाळक कसा?
त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये (व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स वगैरे अमेरिकेची ईशान्येकडची राज्यं) खरा 'गावचा' मिनिस्टर असायचा काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट पंथाचा. त्याचं वेतन गावच्या करातून निघायचं. आपल्याकडच्या ग्रामजोशाच्या बलुत्याची आठवण होते, फक्त तिथे वंशपरंपरा नव्हती, गाव नेमायचं. युनिव्हर्सलिस्ट माणूस या बलुत्याबाहेरचा. त्याचे श्रोते स्वतःच्या उपदेशकाला खिशातून द्यायचे, वर दुसऱ्याच्या मिनिस्टरसाठी करही भरायचे. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरचे युनिव्हर्सलिस्ट उपदेशक जॉन मरी यांच्या मंडळींनी याविरुद्ध दावा लावला आणि १७८६ मध्ये जिंकला. तरी हा कर व्हरमाँटमध्ये १८०७ ला, न्यू हॅम्पशायरमध्ये १८१९ ला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये थेट १८३३ ला गेला.
आता गंमत बघा. १८१३ साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं, ते याच काँग्रिगेशनल मंडळींचं. नगरचं मिशनही त्यांचंच. म्हणजे नगरकरांचे 'पाळकसाहेब' बलूंच्या प्रतिपक्षाकडून आलेले!

नगरकर
हे ठाऊक नव्हतं. पण म्हणून शब्द बाटला असं मी मानत नाही.

तिसरी घंटा
'मिनिस्टर'चा लॅटिन अर्थ सेवक, चाकर. राजाचा चाकर तो मंत्री झाला, देवाचा चाकर तो हा. 'सेवक' चालेल का?

उंबरठा
आज 'सेवक' म्हटलं की निवडणुकीचा फलक डोळ्यापुढे येतो. मी 'उपदेशक'च म्हणेन, गरज असेल तिथे 'फिरता उपदेशक'. या पंथात आधी श्रोते आणि मग उपदेशक असंही घडलंय. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर टॉमस पॉटर नावाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर देऊळ बांधून ठेवलं होतं, आपल्या मताचा कुणीतरी येईल म्हणून. १७७० मध्ये मरींचं जहाज तिथे वाळूत रुतलं. मरींनी तर उपदेश सोडूनच दिलेला. पॉटर म्हणाला, रविवारपर्यंत वारा फिरला नाही तर तुम्ही बोलायचं. वारा फिरला नाही.

ओसरी
बायकांचं काय करणार? ऑलिंपिया ब्राउन यांना १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या मलोन गावात युनिव्हर्सलिस्टांनी दीक्षा दिली. त्यांना 'पाळकीणबाई' म्हटलं तर वाचक विचारेल, पाळकसाहेब कुठायत? डॉक्टरीणबाई म्हणजे कधी डॉक्टर, कधी डॉक्टरांची बायको, तीच गत. 'उपदेशिका' म्हणा. नवऱ्याचा प्रश्न येत नाही.

तिसरी घंटा
पंथाच्या नावाला 'सर्वतारणवादी' कसं वाटतं? ख्रिस्ती मराठीत 'तारण' रुळलेला आहे.

पानगळ
बँकेत तीस वर्षं काढली मी. 'तारण' म्हटलं की मला सात-बारा आणि सोन्याच्या बांगड्या दिसतात. 'सर्वतारण' म्हणजे घरदार सगळं गहाण!

नगरकर
साल्व्हेशन आर्मीला आपण 'मुक्तिफौज' म्हणतोच. त्या चालीवर 'सर्वमुक्तिवादी'.

ओसरी
'विश्वधर्मी' का नको? विठ्ठल रामजी शिंदे ज्यांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले तेच ना हे लोक?

उंबरठा
नाही. १९०१ मध्ये शिंद्यांना मदत केली ती ब्रिटनच्या युनिटेरियनांनी. ते 'एकेश्वरी', त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) न मानणारे. बलूही त्रैक्य मानत नव्हते, म्हणून गोंधळ होतो. अमेरिकेत हे दोन पंथ एकत्र आले ते १९६१ मध्ये. 'विश्वधर्मी' म्हटलं की सगळे धर्म कवेत घेणारा माणूस वाटतो. बलूंचं भांडण नरकाशी होतं, आणि तेही बायबल हातात धरून.

पानगळ
ठरलं. वाक्य असं केलंय: 'सर्वमुक्तिवादी पंथाचे उपदेशक होझिया बलू १८०३ साली बार्नार्डला राहायला आले.' १८१७ मध्ये ते बॉस्टनच्या एका चर्चच्या मंडळीकडे गेले आणि १८५२ ला वारले तोवर तिथेच होते. तिथून पुढे 'पाळक' लिहीन. नगरकर खूश?
आता एकच शंका. १७९४ मध्ये पंथाच्या सभेत एल्हानन विंचेस्टर या उपदेशकांनी बोलता बोलता बायबल एकदम बलूंच्या छातीशी धरलं आणि तिथल्या तिथे त्यांना मिनिस्टर करून टाकलं. तेवीस वर्षांच्या बलूंना काहीच कल्पना नव्हती म्हणतात. याला 'दीक्षा घेतली' कसं लिहू?

ओसरी
'दीक्षा मिळाली' लिहा. घेतली कुठे त्यांनी!